एक उतार, दोन कामं: घरच्या लेथवर टेपर आणि आटे

१ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मढच्या कोळीवाड्यात गेलात तर एरवी पाण्याखाली दडलेली बोटीची बाजू नीट पाहायला मिळते. तळाशी मागच्या अंगाला पितळी झाक असलेला पंखा दिसतो. पंख्याच्या मधोमध शाफ्टचं टोक बाहेर डोकावतं, त्यावर एक जाडजूड नट आणि नट फिरू नये म्हणून आरपार घातलेली पिन.

आता एक कोडं. हा पंखा वर्षातले दहा महिने टनावारी वजनाची बोट ढकलतो. लाटांचे हिसके खातो, जाळ्याचे तुकडे अडकले की जागच्या जागी थबकतो, धक्क्याला लागताना उलटा फिरतो. तरी शाफ्टवर तो जराही सैलावत नाही. ना तिथे वेल्डिंग आहे, ना कसला डिंक. नटानेच धरला असेल म्हणावं, तर मिस्त्री नट काढतो तेव्हाही पंखा जागचा हलत नाही. मग मिस्त्री पुलर लावतो, ताण देतो, हातोड्याचा एक ठोका घालतो आणि ‘टक्’ आवाज करून पंखा मोकळा होतो. इतका पक्का बसलेला पंखा एका ठोक्यात सुटतो कसा?

उत्तर पंख्याच्या आत दडलेलं आहे. शाफ्टचं टोक सरळ नळकांडं नसून निमुळतं असतं आणि पंख्याचं भोकही तितकंच निमुळतं असतं. कारखान्याच्या भाषेत याला टेपर म्हणतात. टेपरच्या पुढे नटासाठी आटे पाडलेले असतात. टेपर आणि आटे ही लेथवरची दोन मूलभूत कामं आहेत. घरातल्या छोट्या लेथवरही ती जमतात, आणि त्यांना लागणारी साधी हत्यारं घरीच बनवता येतात. त्यासाठी आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी: ही दोन्ही कामं म्हणजे एकाच उताराची दोन रूपं आहेत.

स्वतःलाच आवळणारी पाचर

टेपर म्हणजे सगळ्या बाजूंनी असलेली पाचर. तिचा उतार प्रमाणात सांगतात. १:१० चा टेपर म्हणजे दर दहा मिलिमीटर लांबीमागे व्यास एक मिलिमीटरने कमी होतो. ४० मिलिमीटरचा शाफ्ट १०० मिलिमीटर लांबीत ३० मिलिमीटरवर येतो. छोट्या बोटींच्या शाफ्टसाठी आयएसओ ४५६६ या आंतरराष्ट्रीय मानकात हाच उतार धरला आहे. जुन्या इंची कामात १:१२ आणि १:१६ हेही भेटतात.

१:१० मध्ये मध्यरेषेपासून एका बाजूचा कोन जेमतेम २ अंश ५२ मिनिटं भरतो. सगळी जादू या लहान कोनात आहे. पोलादावर पोलाद घासताना घर्षणाचा गुणांक साधारण ०.१५ धरला, तर सुमारे साडेआठ अंशांपर्यंतचा उतार घर्षणाच्या जोरावर स्वतःहून घसरत नाही. आपला उतार त्याच्या तिपटीने लहान आहे. म्हणून टेपर एकदा दाबून बसवला की दाब काढल्यावरही तो तिथेच अडकून राहतो.

दुसरा फायदा बळाचा. हाच गुणांक धरून हिशेब केला तर शाफ्टच्या दिशेने १०० किलोचा जोर लावल्यावर निमुळत्या पृष्ठभागावर सुमारे ५०० किलोचा दाब पडतो. पंखा पाणी मागे लोटतो तेव्हा तो स्वतः पुढे, म्हणजे टेपरच्या जाड बाजूकडे रेटला जातो. जितकं जोरात काम, तितकी घट्ट पकड. पंखा सुरुवातीला नीट बसवायला आणि बोट मागे घेताना तो निघून येऊ नये म्हणून नट लागतो. फिरवण्याचा बराचसा जोर घर्षणच वाहतं, शाफ्ट आणि पंखा यांच्या खाचांत बसणारी चावी ही राखीव तजवीज.

हे गणित बिघडतं ते टेपर जुळत नसला की. भोकाचा आणि शाफ्टचा कोन थोडा जरी वेगळा असला तरी दोन्ही पृष्ठभाग एकाच टोकाला टेकतात. मग सगळा भार चावीवर येतो, पंखा किंचित डुलू लागतो, चावीची खाच रुंदावते आणि फटीत खारं पाणी शिरतं. टेपर गुळगुळीत दिसला म्हणून चांगला झाला असं होत नाही. समोरच्या भागाशी तो सगळीकडे टेकायला हवा.

कोन लहान असला की पकड आपोआप, मोठा असला की नाही, हे लेथवरच पाहता येतं. टेलस्टॉकमध्ये बसणारा ड्रिल चक मोर्स टेपरवर असतो. अमेरिकी कारागीर स्टीफन मोर्स यांनी १८६०च्या दशकात रूढ केलेला हा टेपर सुमारे १:२० चा आहे, तो नुसता हाताने ढकलला तरी धरून बसतो. याउलट मिलिंग मशीनवरचा ७:२४ चा टेपर इतका उभा आहे की हत्यार मागून बोल्टने ओढून धरावं लागतं. बदल्यात ते चटकन सुटतं. पंख्याला १:१० पुरतो, कारण तो पक्का बसायलाही हवा आणि पावसाळ्यात निघायलाही.

आटा म्हणजे गुंडाळलेला उतार

कागदाचा एक लांबट काटकोन त्रिकोण कापा आणि लाटण्याभोवती गुंडाळा. त्रिकोणाची तिरकी कड लाटण्यावर गोल गोल चढत जाईल. स्क्रूचा आटा अगदी असाच असतो: सळईभोवती गुंडाळलेला उतार. एका पूर्ण फेऱ्यात तो सळईच्या लांबीवर जितका पुढे सरकतो, त्याला पिच म्हणतात.

आता आकडे घालू. एम १२ गुणिले १.५ म्हणजे १२ मिलिमीटर व्यासाचा, दीड मिलिमीटर पिचचा आटा. त्याच्या सरासरी व्यासावर एका फेऱ्याचा घेर साधारण ३४.६ मिलिमीटर येतो. म्हणजे नट ३४.६ मिलिमीटर वाट चालतो तेव्हा दीड मिलिमीटर पुढे सरकतो. हा उतार झाला २३ ला १. १:१० च्या टेपरमध्ये एकच बाजू धरली तर पृष्ठभागाचा मध्यरेषेशी उतार २० ला १ होता. दोन्ही उतार एकाच तोलाचे आहेत, आणि घर्षण दोघांनाही धरून ठेवतं. घट्ट केलेला नट निव्वळ भाराने सुटत नाही. तो सुटतो कंपनांमुळे, म्हणून तर पंख्याच्या नटात पिन घालावी लागते.

लेथ हालचालींची सांगड घालतं

लेथवर तीन हालचाली असतात. चकात धरलेला जॉब फिरतो. टूल कॅरेजसोबत लांबीच्या दिशेने जातं. आणि क्रॉस स्लाइडवरून तेच टूल जॉबच्या आत-बाहेर सरकतं. सरळ नळकांडं करायचं तर फक्त कॅरेज हळूहळू चालवायचं असतं.

टेपर हवा असेल तर लांबीची चाल आणि आत-बाहेरची चाल एकमेकींना बांधायची: दर दहा मिलिमीटर पुढे गेल्यावर टूल अर्धा मिलिमीटर आत यायला हवं. (टूल एका बाजूनेच कापतं, व्यास मात्र दोन्ही बाजूंनी घटतो, म्हणून एकाऐवजी अर्धा.) आटे हवे असतील तर फिरणं आणि लांबीची चाल बांधायची: जॉबच्या एका फेऱ्यात कॅरेज नेमकं दीड मिलिमीटर सरकायला हवं. दोन्ही वेळा अचूकपणा येतो तो या बांधणीतून. हात कितीही सरावाचा असो, ही दोन प्रमाणं त्याला सुटं सुटं सांभाळता येत नाहीत.

लंडनच्या हेन्री मॉड्स्ले यांनी १८००च्या सुमारास धातूच्या लेथवर सरकतं टूलपोस्ट, कॅरेज चालवणारा लीड स्क्रू आणि बदलते गिअर एकत्र बांधले, त्याचं मोल इथे आहे. त्याआधी आटे बव्हंशी हाताच्या अंदाजाने कापले जात आणि एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसेल याची खात्री नसे. आपल्याकडे मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये यांत्रिक ड्रॉइंग शिकवलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी उभ्या केलेल्या उद्योगसमूहातून १९४१ साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी निघाली आणि देशी लेथ कारखान्याकारखान्यांत पोचली.

घरगुती लेथवर बोटीचा अख्खा शाफ्ट बसणार नाही, ते मोठ्या वर्कशॉपचं काम. पण त्याच रचनेचा अर्ध्या मापाचा नमुना करून पाहता येतो: २० मिलिमीटर व्यासाची सळई, टोकाला ५० मिलिमीटर लांबीत १:१० चा टेपर म्हणजे १५ मिलिमीटरपर्यंत, आणि त्यापुढे एम १२ गुणिले १.५ चे आटे. पुढची सगळी मापं याच नमुन्याची आहेत.

टेपर काढायच्या वाटा

पहिली आणि घरगुती लेथला सर्वांत सोयीची वाट म्हणजे कंपाउंड स्लाइड फिरवणं. टूलपोस्टखालची ही छोटी स्लाइड हव्या त्या कोनात वळवून घट्ट करता येते. ती २ अंश ५२ मिनिटांवर लावून तिचा हँडल फिरवला की टूल तिरकं चालतं. अडचण दोन. तिची चाल आखूड असते, त्यामुळे लांब टेपर एका दमात होत नाही. आणि तिच्या बुडाशी कोरलेल्या अंशांच्या खुणा इतक्या ढोबळ असतात की मिनिटांचा हिशेब त्यांवर लागत नाही.

म्हणून कोन खुणांवर न लावता डायल गेजने लावायचा. चकात एक सरळ, गोल घासलेली सळई धरा, डायल गेज कंपाउंडवर बसवून त्याचं टोक सळईच्या बाजूला मध्यरेषेच्या उंचीवर टेकवा, आणि कंपाउंड बरोबर ४० मिलिमीटर चालवा. सुई २ मिलिमीटर फिरली की १:१० लागला. त्याहून कमी किंवा जास्त फिरली तर कंपाउंड हलक्या हाताने ठोकत पुन्हा मोजायचं. तयार मोर्स सेंटरसारखा नमुना हाताशी असेल आणि त्याच मापाचा टेपर करायचा असेल, तर काम आणखी सोपं: नमुना लेथमध्ये अचूक मध्यावर धरून गेज त्यावरून फिरवायचा, सुई स्थिर राहिली की कोन जुळला.

दुसरी वाट टेलस्टॉक सरकवण्याची. जॉब दोन सेंटरमध्ये धरायचा आणि टेलस्टॉक बाजूला सरकवायचा, म्हणजे कॅरेज सरळ चाललं तरी जॉबच तिरका असल्याने टेपर निघतो. किती सरकवायचं? जॉबची पूर्ण लांबी गुणिले टेपरचं प्रमाण, भागिले दोन. २०० मिलिमीटरच्या जॉबला १:१० साठी १० मिलिमीटर. तोच टेपर ८०० मिलिमीटरच्या शाफ्टला हवा असेल तर ४० मिलिमीटर, आणि तितका टेलस्टॉक सरकतच नाही. टेपर टोकापुरता असला तरी हिशेब पूर्ण लांबीचा लागतो. लांब जॉबवर हलका टेपर हवा असेल तरच ही वाट धरावी. तिसरी वाट टेपर टर्निंग अटॅचमेंटची. त्यात मागे बसवलेली तिरकी पट्टी क्रॉस स्लाइडला ओढत नेते. काम उत्तम होतं, पण घरगुती लेथसोबत ती क्वचितच येते.

कुठलीही वाट धरली तरी एक नियम पाळायचा: टूलचं टोक जॉबच्या मध्यरेषेच्या उंचीवर नेमकं हवं. सरळ नळकांड्यात थोडा फरक खपतो. टेपरमध्ये टूल वर-खाली असलं तर बाजू सरळ न राहता मधे किंचित खचते आणि भोकात नीट टेकत नाही.

जुळणी तपासायला प्रशियन ब्लू हा निळा रंग बोटाने अगदी पातळ लावतात. शाफ्टवर त्याच्या लांबीने दोन-तीन रेघा ओढायच्या, भोकात घालून थोडं फिरवायचं आणि बाहेर काढायचं. निळा रंग सगळीकडे सारखा पुसला गेला तर टेपर टेकतो आहे. एकाच टोकाला पुसला गेला तर कोन चुकला आहे.

आटे पाडताना

आट्यांसाठी स्पिंडल आणि लीड स्क्रू गिअरने जोडतात. समजा लेथच्या लीड स्क्रूचा पिच ६ मिलिमीटर आहे आणि आपल्याला १.५ हवा. म्हणजे जॉबच्या चार फेऱ्यांत लीड स्क्रू एकदा फिरायला हवा: चालवणारा गिअर २० दात्यांचा, चालणारा ८० दात्यांचा. अगदी छोट्या लेथचा लीड स्क्रू दीड मिलिमीटरचाच असेल तर प्रमाण १:१.

जुन्या लेथचा लीड स्क्रू इंचात असतो, बहुतेक इंचाला चार आटे. त्यावर मिलिमीटरचे आटे पाडायला १२७ दात्यांचा गिअर लागतो. आकडा विचित्र वाटतो खरा, पण इंच बरोबर २५.४ मिलिमीटरचा आहे आणि त्याची पाचपट १२७. दुसरी कुठलीही लहान संख्या इंच आणि मिलिमीटर यांचं नातं अचूक बसवत नाही. आपल्या १.५ पिचसाठी ३० आणि १२७ दात्यांची जोडी लावायची.

टूल हाय स्पीड स्टीलच्या तुकड्यातून ग्राइंडरवर घडवता येतं. मेट्रिक आट्याची खाच ६० अंशांची असते, म्हणून टोकही ६० अंशांचं. सेंटर गेज या छोट्या पत्र्यावर तोच कोन कापलेला असतो. टूल त्यात धरून उजेडासमोर पाहायचं, फट दिसली नाही की कोन बरोबर. तोच गेज जॉबला टेकवून टूल काटकोनात लावायचं. टूल ज्या दिशेने पुढे सरकतं त्या बाजूला थोडी जास्त मोकळीक घासा, नाहीतर आट्याचा उतार टूलच्या बुडाला घासतो.

आट्याची खोली पिचच्या ०.६१३ पट, म्हणजे इथे ०.९२ मिलिमीटर. ती एका दमात घ्यायची नाही. कंपाउंड साडेएकोणतीस अंशांवर वळवून त्यावरून थोडं थोडं आत शिरलं तर टूलची एकच बाजू मुख्य काप घेते आणि चिप मोकळी निघते. अशा तिरक्या चालीने एकूण १.०६ मिलिमीटर आत जावं लागतं. पहिले काप ठळक, शेवटचे दोन-तीन केसाएवढे. शेवटी हातातला नट घालून पाहायचा.

प्रत्येक काप आधीच्याच खाचेत पडायला हवा. लीड स्क्रूचा पिच आपल्या पिचने नेमका भागला जात असेल, जसे ६ भागिले १.५ म्हणजे ४, तर कॅरेज लीड स्क्रूला जोडणारा हाफ नट कुठेही बंद केला तरी टूल खाचेतच येतं. तसं नसेल, विशेषतः इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे असतील, तर हाफ नट काम संपेपर्यंत उघडायचाच नाही. टूल बाहेर काढायचं, मोटर उलटी फिरवून सुरुवातीला यायचं आणि पुन्हा काप घ्यायचा. आटे जिथे संपतात तिथे आधी एक खाच कापून ठेवली की टूलला थांबायला जागा मिळते.

स्वतःचा टॅप, स्वतःचा रीमर

बाहेरचे आटे झाले, पण नटाच्या आतले? त्यासाठी टॅप लागतो. आणि पंख्याच्या भोकाला नेमका टेपर द्यायला टेपर रीमर. दोन्ही सिल्व्हर स्टीलच्या सळईतून बनवता येतात. एक टक्क्याहून थोडं जास्त कार्बन असलेलं हे पोलाद आधी सहज कापलं जातं आणि तापवून पाण्यात बुडवलं की काचेसारखं कडक होतं.

टॅपसाठी १२ मिलिमीटरच्या सळईवर तेच एम १२ गुणिले १.५ चे आटे पाडायचे. पुढचे सात ते दहा आटे एका बाजूला सुमारे चार अंशांच्या उताराने निमुळते करायचे. म्हणजे सगळा काप एकाच दात्यावर न पडता अनेक दात्यांत वाटला जातो. नंतर लांबीच्या दिशेने कानशीने तीन किंवा चार खोल पट्टे घासायचे, त्यांच्या कडा कापतील आणि चिपला जागा मिळेल. मागच्या टोकाला हँडलसाठी चौकोन. टॅप घालायच्या भोकाचा ड्रिल व्यास वजा पिच इतका, म्हणजे १०.५ मिलिमीटर.

टेपर रीमरसाठी सर्वांत सोपी रचना डी-बिटची. सळईवर हवा तो टेपर काढायचा, मग तो भाग बरोबर अर्ध्यापर्यंत सपाट घासायचा. आडवा काप इंग्रजी डी अक्षरासारखा दिसतो म्हणून हे नाव. भोक आधी ड्रिलने आणि पायऱ्यापायऱ्यांनी जवळच्या मापापर्यंत आणायचं आणि डी-बिट तेल लावून हाताने फिरवत शेवटचा थर काढायचा. सपाट बाजूची कड कापते आणि मागचा अर्धगोल भोकात टेकून वाट सरळ ठेवतो.

मग पाणी देणं. टॅप किंवा डी-बिट गॅस टॉर्चने ७७० ते ७८० अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे चेरीच्या रंगाचा लाल होईपर्यंत तापवा. थर्मामीटर नसेल तर लोहचुंबक वापरा. लोखंड ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला चिकटणं सोडतं, त्याहून किंचित वर थांबायचं. मग हत्यार उभं पाण्यात बुडवून हलवत राहायचं. तिरकं बुडवलं तर ते वाकतं.

आता ते कडक आहे, पण ठिसूळ. म्हणून थोडं नरम करायचं. एमरीने चकचकीत घासून मागच्या बाजूने हळूहळू गरम केलं की पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर जमून रंग दिसू लागतात. आधी वाळल्या गवताचा फिका पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. टॅपसाठी पिवळ्यावरच, साधारण २२० ते २३० अंशांना, थांबून पुन्हा पाण्यात बुडवायचं. निळ्यापर्यंत गेला तर टॅपची धार टिकणार नाही. ओव्हन असेल तर २२० अंशांवर अर्धा तास ठेवूनही हेच साधतं. असं हत्यार पितळ, गनमेटल, ॲल्युमिनियम आणि साध्या पोलादातल्या थोड्या भोकांसाठी आहे. स्टेनलेस स्टीलसाठी बाजारातला टॅपच घ्या.

सूत आणि मिलिमीटर

मुंबईतल्या बांधकामापासून बोटींपर्यंत मिस्त्री अजूनही सुताच्या भाषेत बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सुती बोल्ट म्हणजे अर्ध्या इंचाचा. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आणलेला इंची आटा ५५ अंशांचा, तर १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी सुचवलेला ६० अंशांचा, आणि आजचा मेट्रिकही ६० अंशांचा. जुन्या बोटीवर आणि इंजिनवर हे सगळे शेजारी शेजारी सापडतात. पाच-सोळांश इंचाच्या, म्हणजे अडीच सुती, व्हिटवर्थ बोल्टवर एम ८ चा नट दोन-तीन फेरे चढतो आणि मग अडतो. व्यास जवळपास सारखा, पण पिच एकाचा १.४१ आणि दुसऱ्याचा १.२५. पाना लावून जोर केला की दोन्हीचे आटे जातात. नागदेवी स्ट्रीटवर पिच गेजचा संच मिळतो, नवा टॅप करण्याआधी तो आट्यांवर धरून पाहावा.

चौकट: थोडक्यात

- टेपर म्हणजे गोल पाचर. कोन लहान असला की घर्षण तिला धरून ठेवतं.
- आटा म्हणजे सळईभोवती गुंडाळलेला उतार.
- टेपरमध्ये लांबीची चाल आत-बाहेरच्या चालीला बांधायची, आट्यांत ती फिरण्याला बांधायची.
- १:१० च्या टेपरसाठी कंपाउंडच्या ४० मिलिमीटर चालीला गेजवर २ मिलिमीटर.
- मेट्रिक आट्याची खोली ०.६१३ गुणिले पिच, टॅपचं भोक व्यास वजा पिच.
- सिल्व्हर स्टील: चुंबक सोडेपर्यंत लाल, पाण्यात उभं, मग फिक्या पिवळ्यावर नरम.
- लेथवर हातमोजे, सैल बाह्या, ओढणी, अंगठ्या नकोत. चष्मा हवाच. चकाची चावी चकात कधी सोडू नये. चिप हाताने ओढू नये.

क्रम चुकवू नका

मढसारख्या खाऱ्या हवेत लेथ ठेवणाऱ्याला गंज हा पहिला शत्रू. काम झाल्यावर चिप झाडून बेडवर, चकावर आणि हत्यारांवर तेलाचा हात फिरवा, नाहीतर पावसाळ्यात चार दिवसांत तांबडी पूड दिसेल.

पण नवशिक्याचं सर्वाधिक नुकसान गंजापेक्षा कामाच्या क्रमामुळे होतं. टेपर आणि आटे दोन्हींसाठी कंपाउंड एकच आहे. आट्यांसाठी ती वळवलीत की टेपरचा कोन गेला, आणि तोच कोन पुन्हा केसाच्या फरकाने लावणं महाकठीण. म्हणून एकदा कोन लागला की त्याच सेटिंगवर शाफ्टचा टेपर आणि डी-बिटचा टेपर दोन्ही उरका. भोक लेथवरच कापायचं असेल तर कंपाउंड न हलवता बोअरिंग टूल भोकाच्या पलीकडच्या भिंतीला लावा आणि स्पिंडल उलटं फिरवा, तिथेही तोच उतार मिळतो. मात्र चक स्क्रूवर बसणारा असेल तर उलट्या फेऱ्यात तो सुटू शकतो. अशा लेथवर स्पिंडल सरळच ठेवून टूल पालथं धरा. मग कोन मानकापेक्षा दोन-चार मिनिटं इकडे-तिकडे असला तरी शाफ्ट आणि पंखा एकमेकांशी जुळतील, आणि शाफ्टला एवढंच हवं असतं. हे सगळं झाल्यावरच कंपाउंड हलवा आणि आट्यांना हात घाला.

लेथ विकत घेण्याआधी ज्यांना हाताला वळण हवं असेल, त्यांच्यासाठी मुंबईतल्या सरकारी आयटीआयमध्ये टर्नरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. घरी सुरुवात करणाऱ्यांनी पहिला जॉब पितळाचा घ्यावा. पितळ सहज कापलं जातं, चूक लगेच दाखवतं, आणि बिघडलं तर भंगारातही त्याचे पैसे मिळतात.